दुसऱ्या फ्रिजातला हिवाळा

दातीरकाकांच्या घरी दोन फ्रिज होते. पहिल्यात दूध, भाजी, लोणी, काकूंनी नाशिकहून आणलेला काळा मसाला, असं चारचौघांच्या फ्रिजात असतं ते सगळं होतं. दुसऱ्यात वेल्सचा हिवाळा होता.

मला हे पहिल्याच दिवशी कळलं. लग्न होऊन मी कुवेतला आले तेव्हा तिथलं युद्ध संपून तीनचार वर्षं झाली होती. महबूलातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमचं आणि दातीरांचं दार समोरासमोर. काकूंनी चहाला बोलावलं आणि म्हणाल्या, "मीनल, आधी गार पाणी घे गं फ्रिजमधलं." मी चुकीचा फ्रिज उघडला. आत बाटल्या नव्हत्या. वरपासून खालपर्यंत ओल्या खडीनं भरलेले ट्रे होते, त्यांच्यावर प्लास्टिकचे कागद, कागदांवर आतून दव धरलेलं, आणि मधोमध दोरीनं टांगलेला एक थर्मामीटर.

"बंद कर, बंद कर!" मागून कुणीतरी ओरडलं. "आत फेब्रुवारी चालू आहे!"

हे दातीरकाका. ठेंगणे, डोक्यावर विरळ केस, एका हातात पाण्याचा फवारा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. मूळचे निफाडचे. महाराष्ट्रात सगळ्यात कडाक्याची थंडी आमच्या निफाडला पडते, हे ते असं सांगायचे की जणू ती थंडी त्यांच्या वडिलांनी आणून बसवली होती.

काका बियांपासून निवडुंग वाढवायचे. साधे नाहीत. बर्फाखाली झोपणारे. दूरदेशीच्या डोंगरांवर आणि माळांवर असे निवडुंग असतात म्हणे, उणे वीस अंशातही जगणारे. त्यांच्या बिया ते पोस्टानं मागवायचे. एकदा पाकीट सोडवायला गेले तेव्हा काउंटरवरच्या कुवेती साहेबानं त्यांना विचारलं होतं, "बाहेर सगळं वाळवंट पडलंय, आणि तू परदेशातून काटे मागवतोस?" काकांनी त्याला उभ्या उभ्या सगळा विषय समजावून सांगितला. मागे रांग वाढत गेली. शेवटी त्या साहेबानं हात जोडले आणि पाकीट दिलं.

तो विषय मीही इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेत सांगेन. निवडुंग थंडीनं मरत नाही. कोरडी थंडी कितीही असली तरी तो अंगातलं पाणी कमी करतो, सुकतो, सुरकुततो आणि पडून राहतो. मरतो तो ओलीनं. आणि थंडी आणि ओल दोन्ही एकदम आली, महिनोन्महिने राहिली, की बुडापासून मऊ पडतो आणि संपतो. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये नेमका असाच हिवाळा असतो. बर्फ थोडा, पाऊस फार. तेव्हा काकांचा बेत असा की शेकडो बिया पेरायच्या, उगवतील त्यांना लहानपणापासून ओली थंडी द्यायची, मरतील त्यांना मरू द्यायचं, आणि उरतील त्यांना पुढे वाढवायचं. 

बाहेर पन्नास अंशांचा उन्हाळा चालू असताना हा माणूस फ्रिज उघडून आत पाऊस पाडायचा.

"सगळं निचऱ्यावर आहे, पोरी," ते म्हणायचे. "माती नकोच. खडी पाहिजे. पाणी आलं की गेलं पाहिजे." निचरा हा शब्द त्यांना कुठेही चालायचा. कुवेतमध्ये वर्षातून दोनदा पाऊस पडून रस्त्यांची तळी व्हायची, तेव्हा ते गॅलरीतून समाधानानं म्हणायचे, "बघ. निचरा नाही." सतीशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, साहेबाशी भांडण झालं तेव्हा त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून निकाल दिला, "तुमच्या ऑफिसात निचरा नाही." आणि गंमत म्हणजे ते बरोबर होतं.

काकूंचा मात्र या सगळ्यात जीव जायचा. वाळवंटातली वाळू बारीक आणि खारट, ती उपयोगाची नाही, म्हणून काका कुठल्याशा बांधकामावरून मागून खडी आणायचे आणि ती धुऊन, चाळून घ्यायचे. काकूंच्या तांदळाच्या चाळणीनं. काकू नवी चाळणी आणायच्या, काका तीही न्यायचे. निवडुंगाच्या बियांचं कवच कठीण, ते घासावं लागतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर सॅंडपेपर. उन्हाळ्यात रोपांना गारवा हवा म्हणून मागच्या खोलीत रात्रंदिवस एसी आणि ट्यूबलाइट. पाहुणे आले तर हॉलमध्ये सतरंजीवर. "त्या खोलीत ना," काकू मला सांगायच्या, "यांची मंडळी असतात."

मंडळी हा काकांचाच शब्द. आणि मंडळींपैकी कुणी गेलं की काका दुःखाची वार्ता द्यायला आमच्याकडे यायचे. एकदा माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. सकाळी बेल वाजली, दारात काका, चेहरा उतरलेला. "काल पाच जण गेले," ते म्हणाले. "ओलीनं. परवापर्यंत चांगले टणक होते." सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं बाई! घरातलेच का?" काका म्हणाले, "हो, मागच्या खोलीतले." सासूबाई पदर सावरून समोर भेटायला निघाल्या, तेव्हा त्यांना कसंबसं थांबवावं लागलं.

बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, एक वयस्कर इजिप्शियन होता. काकांच्या कचऱ्यात रोज खडी आणि मेलेले निवडुंग सापडायचे म्हणून त्यानं त्यांचं नाव ठेवलं अबू सब्बार. सब्बार म्हणजे निवडुंग. तिकडे माणसाला मोठ्या मुलाच्या नावानं हाक मारतात, अमक्याचा बाप म्हणून. अबू सब्बार, निवडुंगाचा बाप. काका खूश झाले. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले. काकू एकदाच हळू आवाजात म्हणाल्या, "अनघाचा बाप म्हणायला हवं होतं."

अनघा त्यांची एकुलती एक मुलगी. मी तिला तेव्हा पाहिलं नव्हतं. टीव्हीवर तिचा फोटो होता, शाळेच्या गणवेशातला. दहावीच्या आधीच काकांनी तिला पुण्याला होस्टेलवर ठेवलं होतं. इथे सगळं आयतं मिळतं, पोरं मऊ होतात, असं त्यांचं मत. मुलगी पुण्यात राहिली, मऊ झाली नाही, डॉक्टर झाली, नोकरी घेऊन वेल्सला गेली आणि तिकडच्याच डेव्हिड नावाच्या शिक्षकाशी तिनं लग्न केलं. काकांचा त्याला विरोध नव्हता. पण लग्नाला ते गेले नाहीत. "शटडाऊन होता," ते म्हणाले. शटडाऊन म्हणजे रिफायनरीचं एखादं युनिट बंद करून त्याची दुरुस्ती करतात ती. त्या काळात रजा मिळत नाही, हे खरं. पण काकू म्हणायच्या, "हिच्या बारशालाही शटडाऊनच होता गं."

आमची सुट्टी शुक्रवारची, अनघाची रविवारची. त्यामुळे तिचा फोन यायचा रविवारी संध्याकाळी, काका ड्यूटीवरून आल्यावर. फोन हॉलमध्ये, काकांच्या खुर्चीशेजारीच, म्हणून तो तेच उचलायचे. "हं. बरी आहेस? हं. बोल आईशी." एवढं संभाषण. वर्षानुवर्षं.

हे मला काकूंनी सांगितलं, आणि पुढचंही त्यांनीच. एका रविवारी अनघानं फोन आईकडे जाण्याआधी सहज म्हटलं, "बाबा, इथं मागच्या अंगणात काहीच जगत नाही हो. नुसतं शेवाळं. हौसेनं एक निवडुंग आणून लावला, तोही कुजला." 

"त्या दिवशी यांनी मला फोनच दिला नाही गं," काकू म्हणाल्या. "भिंत कुठल्या दिशेला आहे, पाऊस तिरपा येतो की सरळ, माती कशी आहे, सगळं विचारलं. पोरीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा यांना स्वतःचं काहीतरी सांगितलं होतं." त्याच आठवड्यात काका शुक्रवारच्या बाजारात गेले आणि जुना फ्रिज घेऊन आले.

निवडुंग बियांपासून वाढवणं हे घाईचं काम नाही. उगवतो तेव्हा मोहरीएवढा. वर्षानं वाटाण्याएवढा. काका त्याच्याकडे भिंगातून बघत आणि म्हणत, "अजून कच्चा आहे." दर उन्हाळ्यात काकू विचारायच्या, या वर्षी जाऊ या का अनघाकडे? काका म्हणायचे, "रोपं तयार होऊ देत. रिकाम्या हातानं काय जायचं?" काकू एकट्या जायच्या. पाचव्या की सहाव्या वर्षी काकांनी लिंबाएवढी झालेली काही रोपं निवडली, मुळांवरची खडी झटकली, एकेक कागदात गुंडाळून काकूंच्या लोकरी मोज्यांमध्ये भरली. तेव्हासुद्धा स्वतः गेले नाहीत. का ते कुणाला नीट कळलं नाही. मला वाटतं, रोपांच्या पलीकडे मुलीशी काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि महिनाभर एका घरात राहायचं म्हणजे बोलावं लागणार होतं.

काकूंनी ती रोपं अनघाच्या अंगणात, भिंतीलगत, उतारावर लावली. वर काचेचं छप्पर. आणि ती जगली. पहिला हिवाळा संपल्यावर अनघाचा फोन आला तेव्हा काकांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. हारिसलाही दिले. त्याला वाटलं, नातू झाला.

त्यानंतरचे रविवार मी स्वतः ऐकलेले आहेत, कारण कधी दही द्यायला, कधी वाटी परत करायला मी तिकडेच असायचे. काका फोनवर आनंदानं ओरडायचे. "सुरकुतलेत ना? सुरकुतू देत! घाबरू नकोस, मेलेले नाहीत!" किंवा, "गोगलगायी? वाटीत बिअर ठेव. हो, बिअर! बुडून मरतात." ज्या देशात दारूला बंदी, तिथे हा माणूस चढ्या आवाजात बिअर, बिअर ओरडतोय म्हणून काकू खिडक्या लावून घ्यायच्या.

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात काकू वेल्सहून परत आल्या त्या निराळ्याच. आल्या दिवशी दुपारी काका ड्यूटीवर असताना माझ्याकडे येऊन बसल्या आणि रडल्या. अनघा आणि डेव्हिड वेगळे झाले होते. घर विकलं होतं. अनघानं हॉस्पिटलजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. ना अंगण, ना गॅलरी. काकांची रोपं त्या जुन्या घरात, ज्यांनी ते विकत घेतलं त्यांच्याकडेच राहिली होती.

"काकांना सांगितलंत?" मी विचारलं.

"नको म्हणाली. बाबांना सांगू नकोस म्हणाली. घराचं सांगितलं की रोपांचं सांगावं लागेल. आणि रोपांचं सांगितलं तर..." काकूंनी डोळे पुसले. "म्हणाली, मग बाबा फोन लगेच तुझ्या हातात देतील."

तेव्हापासून रविवार संध्याकाळ मला जड जायला लागली. फोन यायचाच. काका विचारायचे आणि अनघा सांगायची. अंगण नसलेल्या अंगणातली हकिगत. यंदा पाऊस फार आहे, पण छप्पर टिकलं. एकाला बाजूनं पिल्लू फुटलंय. काका फोन ठेवून आम्हाला सगळं पुन्हा सांगायचे. "पोरगी तयार झाली हो! आता तीच मला शिकवते." काकू स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायच्या. मी काहीतरी निमित्त काढून घरी यायचे. सांगायचा अधिकार माझा नव्हता.

असं तीनेक वर्षं चाललं. मग काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेल्या आणि काकांच्या जेवणाचा डबा माझ्याकडे आला. त्या रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा काका हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. हातात काही नव्हतं. फवारा नाही, भिंग नाही. हिवाळ्याचे दिवस होते, गॅलरीचं दार उघडं होतं, बाहेर रोपांचे ट्रे होते, पण ते तिकडे बघत नव्हते.

"बस जरा," ते म्हणाले. मी बसले.

"मीनल, अनघाकडे अंगण नाही, हे तुला माहीत आहे ना?"

मी डबा उघडायला लागले. काकांनी हातानंच राहू दे अशी खूण केली.

"तुझ्या काकूनं सांगितलं असणार. सांगू दे. तिनं तरी कुणाला सांगायचं?"

"तुम्हाला कधी कळलं, काका?"

"दोन वर्षं झाली. तो लिंबासारखा गोल आहे ना, एस्कोबारिया, तो फुलला म्हणाली. मी विचारलं, रंग कसा आलाय? पिवळा म्हणाली. छान पिवळाधमक म्हणाली." काका थोडं हसले. "तो जांभळट गुलाबी फुलतो गं. त्याची भावंडं इथं माझ्या डोळ्यांसमोर फुललीत. पोरगी बघून सांगत नव्हती, मनानं रचत होती. मग मी नीट ऐकायला लागलो. डेव्हिडचं नाव येत नाही. मागे त्यांचा कुत्रा भुंकायचा, तोही नाही. लिफ्टचा आवाज येतो. घराला लिफ्ट कशाला असेल?"

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारणार होतो. दर रविवारी विचारणार होतो." त्यांनी फोनकडे बघितलं. "मी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, हो बाबा, नाहीयेत रोपं. मग? पुढच्या रविवारी काय बोलायचं? आमच्याकडे दुसरं काही नाही, पोरी. तिच्या लहानपणाचं काढावं तर मला तिचं लहानपण माहीत नाही. होस्टेलला पाठवली तेव्हा गाडीत माझ्याकडे बघत होती, आणि मी तिला सांगत होतो, सवय होते, सगळ्याची सवय होते."



"आणि हिशेब केला मी," काका म्हणाले. "तिचं घर मोडलं तो हिवाळा कुठला ते. एकटी सामान बांधत असेल बघ. त्याच हिवाळ्यात मी तिला विचारत होतो, गोगलगायी येतात का? तीही बिचारी सांगत होती, येतात बाबा, थोड्या येतात."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी माझ्याकडे बघितलं. तीनचार वेळा वाजू दिला आणि उचलला.

"हं. बोल." चेहरा कसोशीनं सरळ ठेवलेला. "हो, मीनलनं आणलाय डबा. आईची पट्टी परवा काढणार. हो." मग थोडं थांबून, नेहमीच्या आवाजात, "मंडळी कशी आहेत?"

तिकडून बरंच काही आलं असावं. काका डोळे मिटून ऐकत होते. "कळ्या? अरे वा," ते म्हणाले. "या दिवसांत? वा. छप्पर नीट आहे ना? हं. हं. काळजी घे." आणि त्यांनी फोन ठेवला.

इतक्या थंडीत कळ्या येत नाहीत, हे एव्हाना मलाही माहीत होतं.

मी उठले. भाजी गरम करून घ्या असं काहीतरी म्हणाले. काका खुर्चीतून हलले नाहीत. हात अजून रिसीव्हरवरच होता.

"मीनल," ते म्हणाले, "तिचा नंबर काय गं?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, या माणसानं आपल्या मुलीला कधी स्वतःहून फोन लावलाच नव्हता. फोन तिचा यायचा, किंवा काकू लावून द्यायच्या. निवडुंगांची लांबलचक लॅटिन नावं घडाघडा म्हणणाऱ्या काकांना मुलीचा नंबर पाठ नव्हता. फोनच्या वर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर काकूंच्या अक्षरात तो लिहिलेला होता. मी एकेक आकडा सांगत गेले आणि काका एकेक बटण दाबत गेले. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा लागला.

पलीकडून अनघाचा घाबरलेला आवाज मलासुद्धा ऐकू आला. आत्ताच तर बोललो, काय झालं, आई बरी आहे ना?

"आईला काही नाही," काका म्हणाले. "रोपांनाही काही नाही. तुझ्यासाठी केलाय."

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, जसा एखादा भरलेला पेला धरावा तसा. मी चपला घातल्या. दार ओढून घेताना त्यांचा आवाज आला, मी आधी कधी न ऐकलेला, फार हळू.

"रड, बाळा. मी ठेवत नाही फोन."